झाड क्रमांक ८७

रस्ता रुंद करण्याआधी तोडायच्या झाडांची यादी तपासायचं काम होतं. बुंध्यावरचा रंगातला क्रमांक ताडून पाहायचा, जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा, प्रजात लिहायची. आधीच्या यादीत काटे असलेलं प्रत्येक झाड ‘बाभूळ’ होतं. गाडीतून न उतरता केलेली यादी अशीच होते.

मे महिना. बाभूळ काय आणि तिच्यासारखाच काटेरी हिवर काय, फुलं दोघांनाही नाहीत. काटे दोघांचेही सरळ, जोडीजोडीनं. पानं पाहून तर लांबून काहीच कळत नाही. म्हणून मी सालीवर भरवसा ठेवते. बाभळीची काळपट, उभ्या खोल भेगांची. हिवराची पिवळट-पांढरी, पापुद्रे सुटणारी. हिवराच्या शास्त्रीय नावातला ‘ल्युकोफ्लोइया’ म्हणजेच पांढऱ्या सालीचा. दोन्ही झाडांची शास्त्रीय नावं आधी ‘अकेशिया’नं सुरू व्हायची, आता ‘व्हाचेलिया’नं. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या २००५च्या व्हिएन्ना परिषदेनंतर अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या प्रजातींकडे राहिलं. कार्यालयाच्या तक्त्यात अजून अकेशियाच छापलंय. ते एक वेळ चालेल, प्रजात चुकलेली चालणार नाही. बाभूळ म्हणून हिवर तोडला, की बदल्यात बाभूळच लावली जाते आणि हिवर कागदावरही उरत नाही.

८७ क्रमांकाचा बुंधा काळा, खरबरीत. ‘बाभूळ’ लिहिलं आणि डबा खायला त्याच्याच सावलीत बसले. मांडीवर एक शेंग पडली. चपटी, तपकिरी, किंचित वाकलेली. बाभळीची शेंग करडी, लवदार, बियांच्या मधे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. मान वर केली. वरच्या फांद्या फिकट पिवळ्या होत्या आणि शेंड्यांना वाळलेल्या फुलोऱ्यांचे मोठाले सांगाडे. बाभळीचे पिवळे गेंद पानांच्या बगलेत येतात, असे शेंड्यांवर पसरत नाहीत. हिवर म्हातारा झाला की साल बुंध्याशी काळी पडते. हे मी वाचलेलं होतं. तरी सोबतच्या मुलांना सकाळीच शिकवलं होतं, ‘साल बघा, पुरे.’

दुसऱ्या दिवशी काळ्या बुंध्याची सगळी झाडं वर बघत पुन्हा पाहिली. नऊ हिवर निघाले. तीन झाडं मात्र पाहणी पुरी व्हायच्या आतच तोडून नेली होती. खुंटांभोवती काळ्या सालीचे तुकडे आणि भुसा. शेंगा झाडून नेलेल्या. त्या तीन ओळींपुढं ‘बाभूळ’ खोडून मी ‘ओळख अनिश्चित’ लिहिलं. यादी मागणाऱ्यांनी दोनदा फोन करून विचारलं, काहीतरी एक लिहा की.

अजून लिहिलेलं नाही.