आधी मराठीत म्हणून बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. फ्रेंच शिकणारे आणि अनुवादाची कामं नुकतीच घेऊ लागलेले, दोघंही मला पुन्हापुन्हा हेच विचारतात : इंग्रजी मजकुरात वेळेबद्दल ‘फॉर’ किंवा ‘इन’ आलं, की फ्रेंचमधला नेमका शब्द कसा ठरवायचा? मी ते वाक्य आधी मराठीत म्हणून बघते. बहुतेकदा तिथेच निकाल लागतो.

आपल्याकडे फ्रेंच बहुतांशी इंग्रजीच्या आधाराने शिकवतात. त्यामुळे इंग्रजीतल्या एका शब्दाला फ्रेंचमध्ये तीन निघाले, की मुलांना ती फ्रेंचची खोड वाटते. मला हा फ्रेंचवर अन्याय वाटतो, कारण ते तिन्ही भेद मुलं घरी रोज पाळत असतात.

‘फॉर’चंच बघा. ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते’ म्हणजे राहणं अजून चालू आहे. इथे फ्रेंचमध्ये ‘दप्युई’ येतं आणि क्रियापद आपल्यासारखंच साध्या वर्तमानकाळात. इंग्रजीच्या ‘हॅव बीन लिव्हिंग’मागून जाणारा इथे हमखास भूतकाळ घालतो. ‘पाच वर्षं राहिले’ म्हटलं की मुक्काम संपला, तिथे ‘पांदां’. आपण नुसतं ‘पाच वर्षं’ म्हणून भागवतो, तसं फ्रेंचमध्येही तो शब्द गाळलेला चालतो. आणि ‘पंधरा दिवसांसाठी जाते आहे’ यात पुढचा बेत आहे, म्हणून ‘पूर’.

‘इन’चं प्रकरण जास्त जोखमीचं. ‘काम इन टू अवर्स करीन’ असं कुणी लिहिलं, तर तो दोन तासांनी सुरू करणार की दोन तासांत संपवणार? इंग्रजी वाक्यात दोन्ही अर्थ बसतात आणि वाचताना शंकाही येत नाही. मराठीत म्हणायला गेलं, की ‘नी’ की ‘त’ हे ठरवावंच लागतं. ‘दोन तासांनी’ला ‘दां’, ‘दोन तासांत’ला ‘आं’. संदर्भावरून ठरत नसेल तर मी लिहिणाऱ्याला विचारते. अंदाजाने एक शब्द टाकून देणं मला अनुवादकाच्या कामाशी बेइमानी वाटते.

‘नॉट अनटिल टेन’ आलं की नवखे अडखळतात. ‘दुकान दहाशिवाय उघडत नाही’ म्हणा. फ्रेंचही हेच म्हणतं, ‘न… क’ वापरून : ल मागाझँ नूव्र का दिझ अर. ‘तू मोठा होशील तेव्हा कळेल’ यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ ठेवतो, फ्रेंचही ठेवतं. इंग्रजी पहिल्या भागात वर्तमानकाळावर येतं. पावणेआठ म्हणजे पाव उणे आठ, आणि फ्रेंच ‘उई तर म्वँ ल कार’ म्हणजेही आठ, पाव उणे. मात्र रेल्वेच्या वेळापत्रकात १९.४५ असेल, तर एकोणीस वाजून पंचेचाळीस मिनिटंच म्हणायचं. चोवीस तासांच्या हिशेबात पाव-अर्धा चालत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ‘टू वीक्स’. शब्दशः भाषांतर चूक नाही, पण फ्रेंच माणूस बोलताना सहज ‘कँझ झूर’ म्हणतो : पंधरा दिवस. एका आठवड्याला तो ‘उई झूर’, आठ दिवस, म्हणतो. सोमवार ते सोमवार मोजताना दोन्ही टोकं धरली की आठ होतात. आपणही ‘आठ दिवसांनी या’, ‘पंधरा दिवसांत कळवतो’ म्हणतोच. करारात मात्र चौदा दिवस लिहिलेले असतील, तर फ्रेंचमध्येही चौदाच लिहायचे.

मराठी सगळीकडे साथ देत नाही. ‘आम्ही दोन वर्षांत भेटलो नाही’ यावरून ‘आं’ लिहायचा मोह होतो, पण तिथे ‘दप्युई’च हवं. आपला परवा मागचाही आणि पुढचाही. फ्रेंचमध्ये ‘आव्हां-त्येर’ आणि ‘आप्रे-दमँ’ असे दोन वेगळे. वर्षाला ‘आं’ (उच्चार तोच, पण वरच्या ‘आं’हून हा वेगळा शब्द) की ‘आने’, हे मराठीवरून कळत नाही. नुसता आकडा असेल तर बहुधा ‘आं’ : तीन वर्षं म्हणजे त्र्वा-झां. काही वर्षं, पहिलं वर्ष, सबंध वर्ष असं असेल तर ‘आने’. याला मराठीत आडवाट नाही. पाठ करा, आणि फ्रेंच वर्तमानपत्र रोज थोडं मोठ्याने वाचा.