अक्रोतिरीचे रांजण

ग्रीसमधलं सँटोरिनी बेट म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरी घरं आणि निळे घुमट येतात. ते काल पाहिलं, सुंदरच आहे. पण आजचा दिवस अक्रोतिरीचा! साधारण इ.स.पू. १६०० च्या सुमाराला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं गाव. १९६७ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथे उत्खनन सुरू केलं. दोन-तीन मजली घरं, दगडी जिने, रस्त्याखालून गेलेली गटारं, सगळं एका मोठ्या छपराखाली जपलंय.

आई एका कोठीपाशी थांबली ती हलेचना. आत मोठमोठे मातीचे रांजण, कान असलेले, अंगावर नक्षी काढलेले. "अगं, आपल्या जुन्या घरातल्यासारखेच," म्हणाली. धान्य, तेल साठवून ठेवणारी कुणीतरी बाई तिला दिसत असावी.

इथे माणसांचे सांगाडे सापडलेले नाहीत. आधी भूकंप झाले, तेव्हाच लोक निघून गेले असावेत. पोरं कडेवर घेऊन होडीत बसणाऱ्या बाया दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलल्या नाहीत. सुखरूप पोचल्या असतील ना कुठेतरी?

परतताना फिरा नावाच्या गावातल्या संग्रहालयात निळ्या माकडांचं भित्तिचित्र पाहिलं. शेपटीच्या ठेवणीवरून काही अभ्यासकांना ती आपल्याकडची वानरं वाटतात. हे ऐकल्यावर अंगावर काटाच आला. लेक तर चित्रासमोर किती तरी वेळ उभी होती, एकेक शेपटी बोटाने हवेत गिरवत.