कर्नल लॉग: ४०९६ च्या मागे लावलेला एक यू

मंडळी, मी लिहितोय त्या कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पेज अलोकेटर, म्हणजे मेमरी ४ केबीच्या तुकड्यांत (फ्रेम) वाटणारा भाग, एकदाचा ८ जीबी मेमरीवर चालला. सध्या नागपुरात उन्हाचा जो काही तडाखा आहे त्यात दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही, म्हणून पहाटे पाचला उठून बसायचो, आणि असे चार दिवस गेले.

झालं असं की क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) २ जीबी दिली की कर्नल मस्त बूट व्हायचा आणि ८ दिली की थोडा वेळ चालून ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच पुन्हा पुन्हा चूक), परत रीबूट. हे "थोडा वेळ" महत्त्वाचं निघालं. अलोकेटर सगळ्यात मोठी रीजन (मेमरीचा सलग पट्टा) आधी वापरतो, ८ जीबीत ती ४ जीबीच्या वरची, आणि मोजलं तर पहिल्या २५६ फ्रेम बिनबोभाट जायच्या आणि २५७ वी शून्याने भरली की खेळ खल्लास. २५६ गुणिले ४ केबी म्हणजे बरोब्बर १ एमबी, आणि माझा कर्नल लोड होतो १ एमबीलाच! म्हणजे ४ जीबी अधिक १ एमबी हा ॲड्रेस कुठेतरी नुसता १ एमबी होत होता, आणि कर्नल स्वतःवरच शून्यं लिहीत होता.

सकाळी तर्री पोहे खाताना मित्राला सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, "टिल्ड लागला तेव्हा तो आकडा किती बिटांचा होता बे?" घास तसाच राहिला. टिल्ड (~) म्हणजे आकड्याचे सगळे बिट उलटवणारं चिन्ह, आणि ॲड्रेस पेजच्या सीमेवर आणणारा मास्क मी त्यानेच बनवतो.

पेज साइझ आधी साधा ४०९६ होता, म्हणजे इंट (३२ बिटी, चिन्ह असलेला पूर्णांक). त्यातून एक वजा करून टिल्ड लावला की येतो उणे ४०९६, आणि ६४ बिटी ॲड्रेससोबत अँड करताना साइन एक्स्टेंड होऊन (चिन्हाचा बिट वर पसरून) वरचे ३२ बिटही एक होतात, मास्क बरोबर. पण क्लँग (माझा कंपायलर) साइन कन्व्हर्जनची वॉर्निंग देत होता म्हणून मी मागे यू (अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचा) लावला. वॉर्निंग गेली आणि मास्कही गेला, कारण अनसाइन्ड इंट ३२ बिटांतच उलटतो, पाच एफ आणि तीन शून्यं, आणि मग रुंद होताना वर शून्यंच भरली जातात. किंमत बदलत नाही म्हणून कंपायलर यावर बोलतही नाही. मला याचा खरंच राग आला, चालणाऱ्या कोडवर वॉर्निंग आणि मोडलेल्यावर शांतता. आता टिल्डच्या आधीच यूइंटपीटीआर-टीला (ॲड्रेसएवढा रुंद अनसाइन्ड प्रकार) कास्ट केलंय, म्हणजे आकडा त्या प्रकारात बदललाय.

मग सगळीकडे शोधलं तर एसीपीआय टेबल (फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं ते) वाचतानाही हेच. बाइट २४ बिटांनी डावीकडे सरकवताना आधी इंट होतो, आणि लोकल एपिकचा (प्रोसेसरचे इंटरप्ट सांभाळणारा भाग) ॲड्रेस एफईई अन् पुढे पाच शून्यं, म्हणजे वरचा बाइट एफई, साइन बिटावरच जातो (स्टँडर्डप्रमाणे हे अनडिफाइन्ड आहे). ६४ बिटांत टाकला की वर आठ एफ चिकटलेले. शिफ्टच्या आधी कास्ट टाकला, एपिक लगेच सापडला.

उद्या पहाटे एपिकचा टायमर.