चार पंख्यांपासून डीनच्या खुर्चीपर्यंत
विजय कुमार यांनी 1983 साली आयआयटी कानपूरमधून बी.टेक. केलं, 1987 मध्ये ओहायो स्टेटमधून पीएच.डी., आणि त्याच वर्षी ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवायला लागले. पुढे तिथल्या ग्रास्प या रोबोटिक्स प्रयोगशाळेचे संचालक, 2015 मध्ये अभियांत्रिकीचे डीन. पदांची यादी इथेच सोडू. त्यांचे छोटे क्वाडरोटर, म्हणजे चार पंख्यांचे ड्रोन, जास्त शिकवतात.

गोव्यात फर्मागुडी किंवा झुआरीनगरात असा एखादा जुळवत असाल, तर आधी पंखे बघा. कर्णावरचे दोन एकाच दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट. एक जरी चुकीच्या जागी बसला तर यंत्र जमीन सोडतानाच उलटतं, आणि पोरं तासभर कोड तपासत बसतात! वजन 500 ग्रॅम असेल तर प्रत्येक मोटरने निदान 250 ग्रॅम उचललं पाहिजे, म्हणजे एकूण दुप्पट. त्याहून कमी असेल तर तरंगण्यातच बरीचशी ताकद जाते, वाऱ्यात सावरायला फारसं काही उरत नाही.

आपल्याकडची खारी, दमट हवा मोटरचं बेअरिंग गंजवते. पंखा काढून मोटर बोटांनी फिरवा. खरखर लागली की बदलाच. आणि झुआरीनगराला दाबोळी विमानतळ शेजारीच आहे, तेव्हा बाहेर उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून बघा.