गॅलिक ऐकायला लुईसला

स्कॉटलंडमध्ये जवळपास प्रत्येक रेल्वे स्टेशनच्या पाटीवर दोन नावं असतात, एक इंग्रजी आणि एक गॅलिक. पोलिसांच्या गाड्यांवर, हायलँड्सच्या, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या रस्त्यांवर, सरकारी कार्यालयांच्या दारावरही तेच. ग्लासगोत शिकणाऱ्या माझ्या भाचीला विचारलं, की ही भाषा बोलतं तरी कोण? ती म्हणाली, "मावशी, ती वाचायची असते. बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही." तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींना मात्र गॅलिक फार आवडते. दोघांच्या फोनवर शिकायचं अ‍ॅप होतं. एकाने हातावर गॅलिक ओळ गोंदवून घेतली होती, तिचा उच्चार त्याला येत नव्हता.

(आपण सरसकट ‘गेलिक’ म्हणतो. स्कॉटलंडमधली माणसं आपल्या भाषेला ‘गॅलिक’ म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते आहे.)

गेल्या सप्टेंबरात भाचीकडे गेले होते. तिथल्या संसदेने 17 जून 2025 रोजी स्कॉटिश भाषा कायदा मंजूर केला होता, आणि गॅलिकला व स्कॉट्स या तिथल्या दुसऱ्या भाषेला अधिकृत दर्जा मिळणार ही बातमी अजून ताजी होती. आमच्या मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हाचे पेढे मला आठवत होते. दर्जा मिळालेली भाषा घरात कशी दिसते, हे पाहायचं म्हणून मी पश्चिमेच्या बेटांकडे नेणारी मालेगची गाडी पकडली.

ग्लासगो ते मालेग हा रेल्वेमार्ग जगातल्या सुंदर मार्गांत का गणतात, ते रॅनक मूरच्या पठारावर आल्यावर कळतं. तासन्‌तास गवत, दलदल, पाणी आणि हरणं. ग्लेनफिननच्या कमानी पुलावर सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांना चिकटला. त्या गर्दीत न उठलेले एकच गृहस्थ माझ्या समोर बसले होते. पूर्व किनाऱ्यावरच्या फाइफचे, निवृत्त, फिरायला निघालेले. मी विषय काढला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आमच्या भागात ही भाषा कधी कुणी बोललंच नाही," ते म्हणाले. "डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, आणि हे पाट्या रंगवताहेत. हे सगळं त्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवाल्यांचं राजकारण आहे."

हे आक्षेप स्कॉटलंडमध्ये वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारातही ठरलेले असतात. पाट्यांचा खर्च म्हणावा तर धोरण असं, की जुनी पाटी बदलायची वेळ आली की नवी दोन भाषांत करायची. फाइफचं म्हणावं तर अकराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजदरबाराची भाषाच गॅलिक होती, आणि तो दरबार फाइफपासून फार लांब नव्हता. राजकारणाचा मुद्दा सगळ्यात कच्चा. गॅलिक दूरचित्रवाणीसाठी पहिला मोठा निधी, 80 लाख पौंडांचा, 1989 मध्ये जाहीर केला तो मार्गारेट थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाच्या सरकारने. 2005 चा गॅलिक भाषा कायदा मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांच्या आघाडीच्या काळात झाला, तोही एकमताने. यातला कुठलाच पक्ष स्वातंत्र्यवाला नाही. हे मी त्यांना सगळं सांगितलं नाही. परक्या देशात, गाडीत, वडीलधाऱ्या माणसाशी किती वाद घालणार! पण मालेगला उतरताना ते स्वतःहून म्हणाले, की त्यांची आजी स्काय बेटावरची होती आणि तिला इंग्रजी नीट येत नसे. मग आईला गॅलिक येत होती का, असं विचारलं. "आईला आजीने शिकवलीच नाही," एवढं म्हणून त्यांनी बॅग उचलली.

आजी असं का वागली, याचं उत्तर शाळांच्या इतिहासात आहे. 1616 मध्ये राजाच्या मंत्रिमंडळाने ठरवलं, की ही भाषा रानटीपणाचं मूळ आहे, ती उपटून काढायची. 1746 मध्ये कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेपुढे हायलँडर हरले. त्यानंतर मेंढ्यांसाठी जमिनी मोकळ्या करताना गावंच्या गावं हुसकावली गेली आणि बोलणारे कॅनडाला गेले. 1872 च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीची केली, पण त्यात गॅलिकचा साधा उल्लेखही नव्हता. काही शाळांत गॅलिक बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात दोरीने काठी अडकवत. तरीही 1891 च्या जनगणनेत अडीच लाखांवर बोलणारे होते. मारामुळे भाषा लगेच गेली नाही. ती गेली आईबापांनी पोरांचं भलं पाहायचं ठरवल्यावर.

मालेगहून बोटीने स्काय. आर्मडेलच्या धक्क्यापासून थोडं पुढे, समुद्राच्या कडेला, सोल मोर ओस्तग हे गॅलिक महाविद्यालय आहे. 1973 मध्ये ते एका जुन्या शेतवाड्याच्या गोठ्याकोठारांत सुरू झालं. त्यामागे होते इयन नोबल, एडिनबराचे बँकर, ज्यांनी या भागातली जमीन विकत घेतली आणि स्वतः भाषा शिकले. त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. स्थानिक कौन्सिलला रस्त्यासाठी त्यांची जमीन हवी होती. हे म्हणाले, फुकट घ्या, पण स्कायच्या पोर्ट्री गावच्या पाट्या दोन भाषांत लावा. कौन्सिलने बरीच खळखळ केली, शेवटी पाट्या लागल्या. भाषेसाठी मोर्चे मी पाहिलेत, जमिनीचा असा सौदा पहिल्यांदाच ऐकला.

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मात्र मी अखेर गॅलिक ऐकली, भरपूर ऐकली. रांगेत, टेबलावर, भांडी ठेवताना. बोलणारे कोण? एक जर्मन मुलगी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून आलेले एक आजोबा ज्यांचे पूर्वज इथून हाकलले गेले होते, एडिनबराचा एक आयटीवाला, आणि ग्लासगोच्या गॅलिक शाळेतून आलेली एक तरुणी. तिथे वर लिहिलेल्या सगळ्या तक्रारींचा वासही नव्हता. सगळे उत्साहाने फुललेले. 2019 च्या नोव्हेंबरात डुओलिंगो या भाषा शिकायच्या अ‍ॅपवर गॅलिक आली आणि लाखो लोकांनी ती उघडली. इथे आलेल्या काहींची सुरुवात तिथूनच.

ग्लासगोच्या तरुणीशी जास्त वेळ बोलले. गॅलिक माध्यमाचं शिक्षण 1985 मध्ये ग्लासगो आणि इन्व्हरनेसला मिळून 24 मुलांनी सुरू झालं, आज ती संख्या पाच हजारांच्या पुढे आहे. ही त्या यशाची लेक. तिला विचारलं, शाळेतल्या मैत्रिणींशी आता कुठल्या भाषेत बोलतेस? ती हसली. "शाळेच्या दारातून बाहेर पडलो की इंग्रजी. अजूनही." एडिनबरा विद्यापीठातल्या स्टुअर्ट डनमोर यांनी अशा शाळांतून शिकून मोठ्या झालेल्यांचा अभ्यास केला आहे, त्यांचाही निष्कर्ष असाच होता: भाषेबद्दल आस्था बहुतेकांना, रोजचा वापर थोड्यांचा. मराठी शाळेबद्दल हळवे होणारे आणि मुलं इंग्रजी शाळेत घालणारे माझे बरेच परिचित आहेत. इथे मुलं शाळेतही घातली, तरी पुढचं अंतर उरलंच.

स्कायच्या उत्तरेला ऊग. तिथून बोटीने हॅरिस, आणि हॅरिसला चिकटलेलं लुईस. एकच बेट, दोन नावं. बोटीवर सूचना आधी गॅलिकमध्ये, मग इंग्रजीत. हॅरिसचे पांढऱ्या वाळूचे किनारे फोटोत दिसतात तसेच आहेत, त्यावर मी लिहिणार नाही, सगळ्यांनी लिहिलंय. खरं तर त्या किनाऱ्यांमुळेच तिथे घर घेणं स्थानिक तरुणांना परवडेनासं झालंय. बसमधून जाताना संध्याकाळी अनेक घरांत दिवा नव्हता. ती पाहुण्यांची, हंगामापुरती.

लुईस-हॅरिस आणि आसपासच्या या बेटांना गॅलिकचा बालेकिल्ला म्हणतात. आकडे दोन दिशांना जातात, ते असे. 2022 च्या जनगणनेत साऱ्या स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे 69,701 निघाले, 2011 च्या जनगणनेपेक्षा बरेच जास्त. याच काळात या बेटांवर बोलणाऱ्यांचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 45 वर आलं. म्हणजे बालेकिल्ल्यातही आता ते अल्पसंख्य. 2020 मध्ये कॉनहूर ओ गिओलगान आणि सहकाऱ्यांनी या बेटांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. असंच चालू राहिलं तर दशकभरात गॅलिक गावगाड्याची भाषा म्हणून उरणार नाही, असं त्यांनी लिहिलं तेव्हा खूप आरडाओरडा झाला. काहींना तो अपशकुन वाटला, काहींना हुश्श वाटलं, की कुणीतरी बोललं एकदाचं.

रविवारी लुईसच्या मुख्य गावात, स्टॉर्नवेत होते. लुईसचा रविवार कडक असतो. रविवारची बोट सुरू झाली ती 2009 मध्ये, आणि गावातलं मोठं सुपरमार्केट रविवारी उघडू लागलं ते 2024 च्या नोव्हेंबरात, दोन्ही वेळा विरोध झाला. मी गॅलिक प्रार्थनेला गेले. वाद्य नाही, पेटी नाही. एक माणूस बसल्या जागेवरून स्तोत्राची ओळ उचलतो आणि मग सगळे ती ओळ आपापल्या चालीने, आपापल्या मुरक्या घेत ओढत नेतात. कुणी पुढे, कुणी मागे, आणि सगळं मिळून एक लाट उठते. माझ्या अंगावर काटा आला. माणसं मोजकी होती, बहुतेक सत्तरीच्या पुढची. नंतर इंग्रजी प्रार्थना होती, तिला पोराबाळांसह कुटुंबं आली.

बेटाच्या उत्तर टोकाला नेस. तिथे गावच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय आणि कॅफे जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. सूप घेऊन बसले. शेजारच्या टेबलावर चार बायका अगदी झरझर गॅलिक बोलत होत्या, मधूनच खिदळत होत्या. कॅन्टीनमधली गॅलिक सावकाश, नीट, शब्द निवडून होती. ही वेगळीच, अर्धी गिळलेली, भरधाव. एकीने माझ्याकडे पाहून मान हलवली, मी हसले, आणि त्याच क्षणी चौघी इंग्रजीत गेल्या. माझ्याशी नव्हे, आपसात! मी म्हटलं, "माझ्यासाठी बदलू नका, मला ऐकायचीच आहे." त्यांनी मनापासून प्रयत्न केला. दोन वाक्यं झाली, तिसऱ्याला पुन्हा इंग्रजी.

"समोर न कळणारं माणूस असताना बोलणं उद्धटपणाचं," त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई म्हणाली. "आम्हाला तसंच वळण लावलंय."

मला वाटतं, सगळ्या प्रवासात ऐकलेलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. फाइफच्या गृहस्थांच्या कुरकुरीने गॅलिकचं फारसं वाकडं होत नाही, आणि भाचीच्या मित्राच्या गोंदणाने भलंही होत नाही. नेसमध्ये एका घरात इंग्रजी बोलणारी एक सून आली, की जेवणाचं टेबल बदलतं. कुणी बंदी घालत नाही, कुणी भांडत नाही. चांगली माणसं सभ्यपणे वागतात, एवढंच. नव्या कायद्यात गॅलिकचं प्रमाण जास्त असलेले भाग खास भाषिक क्षेत्र म्हणून जाहीर करायची सोय आहे. बेटांच्या कौन्सिलने तर 2020 मध्येच ठरवलंय, की पहिलीत येणारं मूल गॅलिक माध्यमातच जाईल, नको असेल तर पालकांनी तसं सांगायचं. दोन्ही निर्णय योग्यच. पण या टेबलावर कुठला कायदा पोहोचणार?

परतीच्या बसचा ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्याला काही कळलं नाही, पण ‘असई’ म्हटल्यावर कळलं. 23 सप्टेंबर 1803 ला जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने जी 78 वी हायलँडर पलटण उभी होती, ती सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याने उभारलेली. लुईस तेव्हा त्यांच्याच मालकीचं, आणि पलटणीत लुईसची बरीच पोरं होती. म्हणजे असईच्या शिवारात त्या दिवशी मरताना कुणी मराठीत आईला हाक मारली असेल, तशी कुणी गॅलिकमध्येही. पुढे पलटणीला हत्तीचं चिन्ह असलेलं मानाचं निशाण मिळालं. भारताचे पहिले सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी हेही स्टॉर्नवेचेच. त्यांच्या प्रचंड संग्रहात मराठी कागदही आहेत. ड्रायव्हरला मॅकेन्झी माहीत होते, त्या कागदांचं ऐकून तो खूश झाला.

"तुमची भाषा किती जण बोलतात?" त्याने विचारलं.

"आठ कोटींच्या वर."

तो एवढा हसला की मागचे प्रवासी बघायला लागले. "मग तुम्ही इथे काय बघायला आलात!"

मी उतरले होते ते एका बाईंच्या घरी, सकाळचा नाश्ता देणारं छोटं घर. स्टॉर्नवेचं प्रसिद्ध ब्लॅक पुडिंग मी नाकारलं, त्यात रक्त असतं हे कळल्यावर; त्यांनी निमूटपणे जादा टोस्ट दिले. बाई सत्तरीच्या, नेसच्याच माहेरवाशीण. कुत्र्याशी त्या अखंड गॅलिक बोलत. बाहेर जा, आत ये, पाय पूस, मेल्या. पण नातू शाळेतून आला की इंग्रजी. नातू तर गॅलिक माध्यमात, मग असं का, न राहवून मी विचारलंच.

"अहो, बोलत होते की," त्या म्हणाल्या. "पण तो चुका काढतो माझ्या! आमच्या गावाकडचा शब्द बोलले की म्हणतो, आजी, असं नसतं, टीचरने वेगळं सांगितलंय. जन्मभर बोलतेय मी. आता त्याच्याशी इंग्रजीच बोलते, त्यात नाही चूक काढत." मग कुत्र्याकडे वळून त्यांनी काहीतरी लांबलचक म्हटलं, बहुधा नातवाबद्दलच.