पाना फिरायला जागा

बॉयलर पेटवायला आठ दिवस राहिले होते. साखर कारखान्याचा बगॅसवरचा, म्हणजे उसाच्या चिपाडावरचा बॉयलर, 67 किलो दाब, 485 अंश तापमान. सुपरहीटरवरच्या सेफ्टीच्या (दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्टबला, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो त्या आखूड पाइपला, डीपी टेस्टमध्ये (रंग मुरवून भेग शोधायच्या तपासणीत) भेग दिसली म्हणून मला पुण्याहून बोलावून घेतलं. पांढऱ्या डेव्हलपरवर केसाएवढी लाल रेघ, वेल्डच्या कडेनं जवळजवळ अर्धा घेर. वेल्डरनं माती खाल्ली, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाइपिंगचा हिशेब माझाच होता. सेफ्टी उडाली की तासाला 30 टन वाफ 6 इंची एल्बोतून (काटकोनी वळणाच्या पाइपमधून) वर सुटते, सेकंदाला सहाशे मीटरच्या वर वेगानं. तिचा उलटा धक्का खाली, साधारण 750 किलोचा. तोही एका बाजूला, म्हणून स्टब वाकतो. एवढं मी धरलं होतं.

सहज टेप लावली. व्हॉल्व्हच्या आउटलेटच्या मध्यापर्यंत उंची ड्रॉइंगवर 350 मिलिमीटर, जागेवर 600!

"साहेब, इन्सुलेशन चढल्यावर बोल्टला पाना कुठून घालायचा?" फिटर म्हणाला. मुद्दा खोटा नव्हता.

आधी मी स्वतःचीच समजूत घातली. धक्का सरळ खाली. स्टब कितीही वाढवा, मोमेंट (वाकवणारा जोर) तोच. रात्री गेस्ट हाउसवर पडल्यापडल्या ट्यूब पेटली. मोमेंट तोच, पण डोलणं? उंची वाढली की डोलण्याचा काळ तिच्या दीडाव्या घातानं वाढतो, म्हणजे इथं सव्वादोन पट. सेफ्टी उघडते सेकंदाच्या काही शतांश भागात. आखूड, ताठ स्टबला तो भार हळूच ठेवल्यासारखा वाटतो; लांब स्टबवर तोच आदळतो. बी 31.1 मध्ये, म्हणजे पॉवर पाइपिंगच्या अमेरिकन कोडमध्ये, यासाठीचा गुणक 1.1 ते 2 असा आहे. मी 1.1 घेऊन मोकळा झालो होतो. 2 धरला तर दीड टन. त्यात मागच्या हंगामात टर्बाइन सारखी ट्रिप व्हायची (अचानक बंद पडायची), वाफ तुंबायची आणि दर वेळी सेफ्टी उडायची. बिचारा वेल्डर.

सकाळी गेलो तर साइटवाले प्लॅटफॉर्मवरून अँगलचा टेकू द्यायच्या तयारीत. तो थांबवला. हेडर, म्हणजे स्टब ज्यावर बसतो तो जाड पाइप, तापून सरकतो, टेकू जागचा हलत नाही; मग व्हॉल्व्हच ढकलला जाणार. आधार हेडरवरूनच दिला, स्टब जाड आणि ड्रॉइंगइतका आखूड केला.

फ्लोटिंगच्या, म्हणजे दाब चढवून सेफ्टी उडवून बघायच्या दिवशी बॉयलर इन्स्पेक्टरांसमोर सेफ्टी उडाली तेव्हा माझं लक्ष फक्त एल्बोकडे होतं. फ्लँजजवळचं इन्सुलेशन आता काढता-घालता येणाऱ्या डब्याचं आहे. पाना फिरतो.