जेट स्प्रेची परवानगी आणि आमची झारी

लंडनजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, चौथं वर्ष. थंडीची सवय झाली, टॉयलेट पेपरची नाही झाली. त्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर काहीतरी करणं भागच होतं, बाबांनी फोनवर एकच विचारलं, "तिकडे पाण्याची सोय आहे ना रे?"

जेट स्प्रे अन् टी कॉक, म्हणजे टाकीच्या पाण्याला दुसरी वाट काढून देणारा नळ, पुण्याहून आणलेलाच होता. आटे अर्धा इंची, इथल्या फ्लशच्या टाकीलाही तेच चालतात. पाना, टेफ्लॉन टेप, अर्ध्या तासाचं काम. पण बायको म्हणाली डिपॉझिट अडकलंय, आधी एजंटला विचार. आणि मी विचारलं!

नऊ दिवसांनी उत्तर, हे नक्की कशासाठी हवंय? आता हे ऑफिसच्या इंग्रजीत कसं लिहायचं सांगा. लिहिलं. मग फोटो पाठवा. मग मालकाला विचारतो, मालक सुट्टीवर. मग आमचाच प्लंबर बघून जाईल. तो तीन आठवड्यांनी आला, खोकं उघडून बघितलं आणि हातच लावेना. म्हणाला १९९९ चे पाण्याच्या फिटिंगचे नियम आहेत, पाइपवाला स्प्रे लावायचा तर वॉटर कंपनीला आधी कळवायचं, कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. मी खूश, १० दिवस काय, निघतील. तर म्हणे थांबा, थेट मेन लाइनला नाहीच जोडता येणार. पाइप कमोडमध्ये लोंबकळला आणि नेमकं तेव्हाच लाइनचं प्रेशर गेलं तर घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, आणि कमोडचं पाणी म्हणजे कॅटेगरी पाच, सगळ्यात वाईट वर्ग. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा साधा नॉन रिटर्न वॉल्व्ह त्याला चालत नाही. वेगळी छोटी टाकी हवी, तिच्यात नळाचं तोंड आणि पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा हवी, वर बहुतेक पंपही. खर्चाचा आकडा ऐकून मीच त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

नियमात तथ्य आहे हो, नाही म्हणत नाही. पण एजंटने पहिल्याच मेलला "नाही" लिहिलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते की.

मधल्या काळात वेट वाइप्स आणले होते, ते कमोडमध्ये टाकू नका, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना. २०१७ साली लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या गटारात चरबी आणि वाइप्सचा २५० मीटर लांब, १३० टनांचा गोळा सापडला होता.

शेवटी गार्डन सेंटरमधून झारी आणली, घरातल्या कुंड्यांना पाणी घालायची, लांब बारीक चोचीची. मगापेक्षा शंभर पटीने बरी, धार हवी तिथेच पडते. इथे बाथरूमला मोरी नसते, सांडलं की खालच्यांच्या छताला डाग. पुसायला जुन्या सुती पंचाचे तुकडे, झाकणाच्या डब्यात टाकायचे आणि ६० डिग्रीला वेगळे धुवायचे. हां, आणि झारी बेसिनच्या नळाखाली बसते का ते विकत घ्यायच्या आधी मापून बघा, आमची पहिली बसलीच नाही. हिवाळ्यात कोमट पाणी भरता येतं, हे त्या स्प्रेला जमलं नसतं.

मागच्या महिन्यात एजंटकडून घर तपासायला बाई आली. रिपोर्टमध्ये ओळ होती, बाथरूममधल्या झाडांना पाणी घालताना फरशीवर सांडू नये. आता तिथे एक मनी प्लांट आणून ठेवलाय.